मार्सेलिसच्या पाण्यापर्यंत : आईंबरोबरची सात रात्रींची क्रूझ

माझ्या सासूबाई नाशिकच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं चौथीला शिकवत होत्या. सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात घेतलेली उडी सांगायच्या आधी त्या फळ्यावर खडूने ताटाएवढं वर्तुळ काढायच्या आणि विचारायच्या, "एवढ्यातून माणूस बाहेर पडेल का रे?" वर्ग एका सुरात "नाही" म्हणायचा. मग आई खडू ठेवून गोष्टीला सुरुवात करायच्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते वर्तुळ त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पंचाहत्तरीला काय हवं असं विचारलं, तर म्हणाल्या, "ते पाणी एकदा बघायचंय."

त्यांचा एक गुडघा बदललेला आहे, दुसरा कुरकुरतो. बीपी आहे, साखर आहे. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरायच्या, पहाटे सहाला बसमध्ये बसायचं, असली युरोप सहल त्यांना झेपणार नव्हती. क्रूझचा विचार तिथून सुरू झाला. एकदा खोलीत सामान लावलं की सात दिवस हलवायचं नाही. रात्री झोपायचं, सकाळी दुसरं गाव दाराशी. बार्सिलोनाहून निघून मार्सेलिस, जेनोआ, नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा आणि परत बार्सिलोना असा सात रात्रींचा फेरा मिळाला. तारीख २० सप्टेंबर २०२४. अनंत चतुर्दशी १७ तारखेला होती, म्हणजे घरचा गणपती व्यवस्थित पोचवून निघता येत होतं. पितृपक्ष लागतो म्हणून शेजारच्या काकू कुरकुरल्या. आई म्हणाल्या, "ह्यांची तिथी परत आल्यावर आहे. आणि ते असते तर तेही आले असते."

निघण्याआधीचे आठ महिने

जाहिरातीत दिसतो तो फक्त जहाजाचा आकडा. त्यात बंदराचे कर कधी असतात, कधी नसतात. जहाजावरचा सेवाशुल्क, विमान, आधीच्या-नंतरच्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा, विमा, किनाऱ्यावरचं फिरणं, पाण्याची बाटलीसुद्धा वेगळी. आमच्या एकूण खर्चात जहाजाचं भाडं निम्म्याहून कमी निघालं. म्हणून बुकिंग करण्याआधीच मी वहीत सगळे रकाने आखले होते.

जहाज आणि दोन्ही हॉटेलं एजंटाकडून घेतली, तेव्हा पॅकेजवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापला गेला. वर्षाला माणशी सात लाखांपर्यंत तेव्हा तो दर होता. दर बदलत असतो, आपल्या वेळी काय आहे ते विचारून घ्यावं. हे पैसे बुडत नाहीत. आयकराच्या २६ एएस या पत्रकात दिसतात आणि विवरणपत्र भरताना वळते होतात. आईंच्या पेन्शनवर कर बसत नाही, त्यामुळे त्या विवरणपत्र भरत नसत. पण आई, नवरा आणि मी अशा तिघांचे पॅन वेगळे दिले होते, म्हणून त्यांचं मुद्दाम भरलं आणि परतावा मिळवला.

व्हिसा कुठल्या देशाचा मागायचा, हा क्रूझवाल्यांचा नेहमीचा घोळ. नियम सरळ आहे : शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांपैकी, ज्या देशात सगळ्यांत जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे. आमचे स्पेनमध्ये चार दिवस होत होते, इटलीत तीन, फ्रान्स आणि माल्टात एकेक. म्हणून स्पेन. मी एका कागदावर तारीख, बंदर, मुक्काम कुठे असा तक्ता करून अर्जाला जोडला. जहाजाच्या बुकिंगच्या कागदात सगळी बंदरं छापलेली असतात, तोही लावला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. आम्ही जूनअखेरीस गेलो. त्याच महिन्यात, ११ तारखेपासून, फी ८० युरोंची ९० झाली होती.

विम्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. तेवढ्यावर थांबू नये. मी पॉलिसीचा बारीक मजकूर पेन्सिल घेऊन वाचला आणि चार गोष्टी पाहिल्या. जहाजावरचे उपचार धरले आहेत का? काही पॉलिसींना क्रूझसाठी वेगळी जोड घ्यावी लागते. समुद्रातून दवाखान्यात हलवायची वेळ आली तर तो खर्च कोण देणार? आधीच्या आजारांचं काय? बऱ्याच ठिकाणी जिवावर बेतलं तरच, असं लिहिलेलं असतं. आणि विमान चुकल्यामुळे जहाज गेलं तर? आईंचं बीपी, साखर, गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळं अर्जात लिहिलं. हप्ता वाढला. वाढू दे. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बरोबर वर येतो. बँकेत नोकरी केल्यामुळे असे कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. पॉलिसीची मुदत परतीच्या तारखेपेक्षा चार दिवस पुढे ठेवली.

खाण्याचं सामान भरताना एक नियम लक्षात ठेवावा लागतो. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. मेतकूट, लसणाची चटणी, बाकरवडी बरोबर घेतली.

१८ आणि १९ सप्टेंबर : नाशिक ते बार्सिलोना

दुपारी नाशिक सोडलं, कसारा घाट उतरून रात्री मुंबईचा विमानतळ. पहाटेचं विमान, आखातात बदल, तिथून बार्सिलोना. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागितली होती. पैसे लागत नाहीत, आणि लांबच लांब विमानतळांवर वयस्क माणसाची अर्धी दमणूक वाचते. आईंना आधी ते कमीपणाचं वाटलं. आखातातल्या त्या विमानतळावर चालण्याचं अंतर पाहिल्यावर गप्प बसून राहिल्या.

दोन्ही विमानांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर होतं. हे मी कुणालाही सांगेन. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीवर काहीच बंधन नसतं. माझी चूक दुसरीकडे झाली : विमान बदलायला फक्त सव्वा तास ठेवला होता. आम्ही पोचलो, सामानातली एक बॅग पोचली नाही. बार्सिलोनाच्या पट्ट्यावर दोन बॅगा आल्या, आईंची मरून बॅग आली नाही. त्यांच्या साड्या, ऊबदार शाल, घडीची काठी, सगळं तिच्यात.

औषधं मात्र माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती, दहा दिवसांऐवजी पंधरा दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं होतं. बॅग नाही दिसली की विमानतळाबाहेर पडायचं नाही. आधी खिडकीवर जाऊन पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याचा तक्रार-फॉर्म, भरायचा, त्याचा नंबर घ्यायचा. विम्याचा क्लेम त्याच्याशिवाय उभाच राहत नाही. मी फॉर्मवर हॉटेलचा पत्ता लिहिला आणि खाली जहाजाचं नाव, पुढच्या प्रत्येक बंदराची तारीख हेही लिहिलं. नाहीतर बॅग बार्सिलोनाला येते आणि आपण मार्सेलिसला असतो.

आमचं जहाज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सुटणार होतं. आम्ही त्याच दिवशी सकाळी उतरलो असतो, तर काय झालं असतं हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. एक दिवस आधी पोचायचं, हे मी हट्टाने ठरवलं होतं. नवऱ्याला हॉटेलचा खर्च डाचत होता. त्या महिन्यात बार्सिलोनात अमेरिकाज कप ही शिडांच्या नौकांची मोठी शर्यत चालू होती आणि खोल्या महाग होत्या. पण विमान आपली वाट पाहत नाही तसं जहाजही पाहत नाही, आणि चुकलेलं विमान संध्याकाळी पुन्हा मिळतं, जहाज पुढच्या आठवड्यात येतं. पुढचं बंदर गाठायचं तर स्वतःच्या खर्चाने धावायचं.

आई माझा सलवार-कुडता घालून झोपल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

२० सप्टेंबर, शुक्रवार : जहाजावर

सकाळी साडेदहाला हॉटेलच्या दाराशी बॅग आली. आईंनी तिला हात लावून नमस्कार केला.

बार्सिलोनातल्या ला रांब्ला या रस्त्याच्या टोकाला कोलंबसाचा साठ मीटर उंच स्तंभ आहे, १८८८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळचा. तिथून क्रूझच्या धक्क्यापर्यंत बस जाते. आम्ही आईंसाठी टॅक्सी केली. धक्क्यावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या थेट खोलीच्या दाराशी येतात, कधी कधी संध्याकाळी. तोपर्यंत पासपोर्ट, औषधं, चार्जर, एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत हवा. नवऱ्याने हौसेने घेतलेली इलेक्ट्रिक किटली क्ष-किरणात दिसली आणि काढून घेतली. आगीच्या भीतीने जहाजावर किटली, इस्त्री चालत नाही. पावती दिली, शेवटच्या दिवशी परत मिळाली. गरम पाणी बुफेत चोवीस तास असतं, मेतकूट-भात तिथेच कालवला.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्डच पैसे, तेच किल्ली, तेच चढण्या-उतरण्याचं ओळखपत्र. त्याला आपलं एखादं कार्ड जोडावं लागतं. आधी युरो भरून ठेवलेलं फॉरेक्स कार्ड जोडू नये. जहाजवाले अंदाजे रक्कम अडकवून ठेवतात आणि आपले युरो ऐन वेळी गोठतात. क्रेडिट कार्ड जोडलं, फॉरेक्स कार्ड किनाऱ्यासाठी मोकळं ठेवलं. फोन धक्क्यावरच विमान-मोडवर टाकला. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करतं.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत असते. आपलं जमायचं ठिकाण शोधायचं, सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे काय ते समजून घ्यायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. लोक कंटाळतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशीच चढलेल्या कित्येकांची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. आईंनी जॅकेट दोनदा बांधून पाहिलं.

आमच्या खोलीचं बघणारा मुलगा मडगावच्या बाजूचा निघाला. नावाच्या पट्टीवरचं आडनाव वाचून आईंनी थेट मराठीत विचारलं, "गोव्याचा का रे तू?" त्याच्या हातातले टॉवेल तसेच राहिले. मग म्हणाला, "हय आजी. कितें जाय?" गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. त्याचे वडील तारवटी, काका तारवटी. आठ महिन्यांचा करार, रोज काम, त्यात रविवार नसतो.

रात्री कप्तानाने सांगितलं, वाटेवरच्या सिंहाच्या आखातात वारा वाढतोय. माझ्या पोटात गोळा आला. हवामानामुळे बंदर गाळायचा अधिकार कप्तानाला असतो, ते तिकिटाच्या अटींतच असतं, आणि त्याबद्दल बंदराचे कर सोडून फारसं काही परत मिळत नाही. आईंना काहीच सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार : मार्सेलिस

पहाटे बाल्कनीचं दार उघडलं तर आई आधीच तिथे. शाल डोक्यावरून घेतलेली. डोंगरावर नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च आणि तिच्या मनोऱ्यावरची सोनेरी मूर्ती उजेडात आली होती. वारा होता, पण जहाज आत घेतलं.

क्रूझचा धक्का शहरापासून बराच लांब, मोठ्या मालवाहू बंदराच्या आत आहे. चालत जायची सोय नाही. बसने ला जोलिएतला आलो. हा जुन्या गोद्यांचा भाग, एकोणिसाव्या शतकात बांधलेला. दगडी गोदामांत आता दुकानं आणि कचेऱ्या आहेत. समोर उत्तर आफ्रिकेला जाणाऱ्या फेरीबोटी उभ्या होत्या.

८ जुलै १९१० ची सकाळ. लंडनहून हिंदुस्थानात खटल्यासाठी नेताना सावरकर मोरिया बोटीवर होते. शौचकूपाच्या गवाक्षातून अंग सोडवून त्यांनी पाण्यात उडी टाकली, पोहत धक्का गाठला, फ्रान्सच्या जमिनीवर पाय ठेवून धावत सुटले. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून परत इंग्रजांच्या हवाली केलं. परक्या भूमीवर पकडलेल्याला असं परत देता येतं का, हा प्रश्न हेगच्या लवादापर्यंत गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. हे सगळं आम्ही शाळेत शिकलो. आई हे धक्क्याच्या कठड्याला धरून, पाण्याकडे बघत, हळू आवाजात सांगत होत्या. सांगत कुणाला होत्या कोण जाणे, कारण आम्हाला पाठच आहे. मध्येच थांबून म्हणाल्या, "पाणी इतकं काळं असेल असं नव्हतं वाटलं. मी मुलांना निळं सांगायची."

मग त्यांनी चपला काढल्या. दगड गार होता, वाऱ्याने पदर उडत होता. दोन्ही हातांची बोटं जुळवून त्यांनी हवेत एक वर्तुळ केलं, त्यातून पाण्याकडे पाहिलं. नंतर हात जोडले. सावरकरांचं भगूर नाशिकपासून किती जवळ आहे, आणि हे किती लांब.

तिथून निघताना मी घड्याळ पाहिलं. प्रत्येक बंदरात जहाजावर परतायची शेवटची वेळ दाराशी लिहिलेली असते, ती सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. मी त्याच्याही दीड तास आधीची वेळ धरते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपण आपले फिरत असलो तर थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणासाठी जहाजाची सहल, जवळच्यासाठी आपले पाय किंवा टॅक्सी. व्ह्यू पोर, म्हणजे जुनं बंदर, टॅक्सीच्या काचेतून पाहिलं. आईंना आणखी काही नको होतं.

२२ सप्टेंबर, रविवार : जेनोआ

धक्का थेट गावात आणि रेल्वे स्टेशन पाच मिनिटांवर. १५४३ पासून उभा असलेला लांतेर्ना हा दीपस्तंभ बाल्कनीतूनच दिसला. आई दिवसभर झोपल्या. आम्ही दोघं गल्ल्यांतून फिरलो, फोकाच्या नावाचा तिथला गरम पाव खाल्ला, त्यांच्यासाठी बांधून आणला.

२३ सप्टेंबर, सोमवार : नेपल्स

ही बंदर-यादी पाहिली तेव्हा आईंनी मार्सेलिसवर बोट ठेवलं होतं, मी नेपल्सवर. माझं माहेर जालन्याचं. इथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एक हस्तिदंती मूर्ती आहे, जेमतेम वीतभर उंचीची. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात ती सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने ते शहर राखेखाली गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी मानतात. अशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत, म्हणून ही सातवाहनांच्या मुलखातून, बहुधा भोकरदनहून, गेली असावी असं मानतात. भोकरदन जालना जिल्ह्यात. माझ्या आत्याचं सासर तिथलं.

बुकिंगच्या वेळी मी संग्रहालयाचा सुट्टीचा वार तपासला होता : मंगळवार. आमचा सोमवार. क्रूझमध्ये एका गावाला एकच दिवस मिळतो, त्यामुळे वार पाहिल्याशिवाय बेत करू नये. धक्क्यासमोरच म्युनिचीपिओ मेट्रो स्टेशन, तिथून तीन स्टेशनांवर म्युझिओ. दोन्हीकडे लिफ्ट शोधून घेतल्या.

मूर्ती काचेत आहे. गळ्यात माळा, कमरेला मेखला, मनगटापासून कोपराच्याही वर भरलेले कांकणांचे थर, दोन्ही बाजूंना दोन दासी. एवढ्याशा हस्तिदंतात कांकणं मोजता येतात. मागच्या बाजूला वेणी खाली सोडलेली. आई काचेला नाक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिने समुद्र कसा पार केला असेल गं? हिला कुणी विमा उतरवला?" मला खरंच गहिवरून आलं. गुजरात-कोकणच्या बंदरातून मोसमी वाऱ्यावर लाल समुद्र, मग उंटांवरून नाईल, मग आलेक्झांड्रिया, आणि पुढे हेच पाणी, जे आम्ही चार दिवस कापत होतो.

पॉम्पेईला गेलो नाही. ऊन, दगडी रस्ते आणि आईंचे गुडघे यांचा मेळ नव्हता. मला त्याची खंत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार : मेसिना

धक्क्यापासून कॅथेड्रल दहा मिनिटं. १९०८ च्या भूकंपात हे शहर जमीनदोस्त झालं, नंतर पुन्हा उभं राहिलं. बरोबर बाराला घंटाघरातला सोनेरी सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो. आईंनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

२५ आणि २६ सप्टेंबर : व्हॅलेटा आणि समुद्र

माल्टातल्या व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बर या बंदरात शिरताना सगळ्यांनी उठून वर यावं. मधाच्या रंगाची तटबंदी दोन्ही बाजूंनी जवळ येते आणि जहाज तिच्यामधून सरकतं. १५६६ मध्ये नाइट्स मंडळींनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, वसवलेलं हे गाव उंचावर आहे, पण पाण्याच्या पातळीवरून थेट अप्पर बराक्का बागेत नेणारी लिफ्ट आहे. वयस्क माणूस बरोबर असेल तर ही लिफ्ट लक्षात ठेवावी. बागेतून दुपारी बाराला तोफ उडताना पाहिली.

त्या रात्री आई बाथरूममधून येताना भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. अंग गार, घाम. साखर तपासली, बरोबर होती. जहाजाच्या दवाखान्याला फोन केला, चार मिनिटांत नर्स खुर्ची घेऊन आली. बीपी खूप खाली गेलं होतं. उन्हात फिरून पाणी कमी पडलं, त्यात बीपीची गोळी. सलाईन लावलं, दोन तास ठेवून घेतलं, हृदयाचा आलेख काढला. डॉक्टर शांत होत्या, नीट बोलल्या. बिल ३१० युरो, थेट खोलीच्या खात्यावर. जहाजावर कॅशलेस चालत नाही, आधी आपण भरायचं आणि मग विमा कंपनीकडे मागायचं.

मी आईंच्या उशाशी बसूनच जहाजाच्या वायफायवरून विम्याच्या मदत केंद्राला कळवलं आणि क्रमांक घेतला. तपासणीचा अहवाल, तपशीलवार बिल, पैसे भरल्याची पावती, तिन्हींवर डॉक्टरांची सही आणि शिक्का तिथेच मागून घेतला. घरी आल्यावर जहाजाच्या दवाखान्यातून कागद मागवणं म्हणजे महिने जातात.

दुसरा पूर्ण दिवस समुद्रात होता. गोव्याच्या मुलाने न सांगता लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणून ठेवलं, दर दोन तासांनी. त्याच्या वाट्याला अठरा खोल्या होत्या.

म्हणून बक्षिसीबद्दल मनापासून लिहिते. आमच्या जहाजावर दर माणशी दर रात्री १२ युरो सेवाशुल्क आपोआप खात्यावर चढत होता. तिघांचे सात रात्रींचे २५२ युरो, तेव्हाच्या भावाने तेवीस हजारांवर. हे पैसे आधीपासून बजेटात धरायचे, शेवटच्या दिवशी धक्का बसून काउंटरवर जायचं नाही. आपली काही मंडळी तो शुल्क काढून टाकायला रांग लावतात, मी पाहिलं. ज्यांना आपण पाहत नाही, ते भांडी घासणारे, कपडे धुणारे, त्यांचाही त्यात वाटा असतो. तो काढू नये. पेयांच्या बिलात सेवाशुल्क वेगळा जोडलेला असतो, तिथे पुन्हा द्यायची गरज नाही. आणि ज्याने आपलं खास केलं, त्याला हातात द्यावं. त्यासाठी पाच-दहा युरोच्या सुट्ट्या नोटा निघतानाच घेतल्या होत्या.

आईंनी पाकीट स्वतः भरलं. पन्नास युरो, आणि पर्स उचकून शोधलेलं एक रुपयाचं नाणं. आपल्याकडे पाकिटात नुसता पूर्ण आकडा देत नाहीत. त्याने ते बोटांनी चाचपलं, ओळखलं. "आजी, हो रुपया हांव मोडचो ना," म्हणाला आणि वाकून पाया पडला.

२७ आणि २८ सप्टेंबर : परत

आदल्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि औषधं बाहेर राहिली का, हे तीनदा पाहिलं. जहाज सकाळी लागलं, पण उतरून सामान मिळेपर्यंत दहा वाजले. ज्यांचं विमान दुपारी बाराचं होतं ती माणसं रांगेत घामाघूम होती. उतरण्याच्या दिवशी विमान घ्यायचंच झालं तर दुपारी तीननंतरचं घ्यावं. आम्ही त्या दिवशी घेतलंच नव्हतं.

दुपारी साग्रादा फामिलिया हे बार्सिलोनातलं चर्च. वेळेचं तिकीट दोन महिने आधी ऑनलाइन काढलेलं. १८८२ मध्ये सुरू झालेलं काम अजून चालू आहे. वास्तुकार गौदींनी त्रेचाळीस वर्षं दिली आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्याने गेले. खांब झाडांसारखे वर जाऊन फुटतात, पश्चिमेच्या काचांतून केशरी उजेड आईंच्या पांढऱ्या केसांवर पडला होता. त्या बाकावर तासभर बसल्या.

परतीला विमान बदलायला साडेतीन तास ठेवले होते. तिन्ही बॅगा आल्या. क्लेमचे कागद पहिल्या आठवड्यातच दिले : अहवाल, बिल, पावती, पासपोर्टवरच्या शिक्क्यांची पानं, बोर्डिंग पास, कार्डाचं स्टेटमेंट. पॉलिसीतली १०० डॉलरची वजावट सोडून बाकी रक्कम नोव्हेंबरात आईंच्या खात्यात जमा झाली. ती त्यांनी शाळेला दिली, चौथीच्या वर्गात नवा फळा बसवायला.